डेटाबेसची साफसफाई रेंगाळते, डिस्क मात्र दिवसभर लिहीत राहते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या दूध संस्था, पतसंस्था, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फौंड्रीवाले, शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. धंदे वेगळे, पण सर्व्हरबद्दलची तक्रार बहुतेक एकच असते. त्या तक्रारीतून पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरबद्दल आहेत. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी खाली एक छोटा भाग आहे. सेटिंग आणि व्ह्यूंची (डेटाबेसची माहिती दाखवणाऱ्या तयार तक्त्यांची) नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत लिहा आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घाला.

सर्व्हर हळू झाला की प्रोसेसच्या यादीत ऑटोव्हॅक्यूमच वर दिसतो. तो बंद करून टाकला तर?

नका करू. चोर सोडून संन्याशाला फाशी असा हा प्रकार आहे.

पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ बदलली की जुनी ओळ पुसली जात नाही. नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी तिथेच पडून राहते, कारण त्याच क्षणी दुसरं कोणी ती वाचत असू शकतं. अशा मृत ओळी काढून जागा मोकळी करायचं काम व्हॅक्यूमचं, आणि ते आपोआप चालवतो तो ऑटोव्हॅक्यूम. तो बंद केला तर दोन-चार दिवस सगळं झकास वाटेल. मग टेबल फुगेल, इंडेक्स (ओळी झटपट शोधायच्या सूच्या) फुगतील, प्रत्येक क्वेरी जास्त पानं वाचेल, आणि पंधरवड्यात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था येईल.

शिवाय तो पूर्ण बंद होतच नाही. ट्रान्झॅक्शनचा (एकत्र पूर्ण होणाऱ्या बदलांच्या गटाचा) क्रमांक ३२ बिटचा, म्हणजे कधीतरी संपणारा असल्यामुळे जुन्या ओळी वेळेत 'फ्रीझ' कराव्याच लागतात, म्हणजे त्या कायमच्या जुन्या अशी खूण करावी लागते. एखाद्या टेबलाचं वय २० कोटी ट्रान्झॅक्शनच्या पुढे गेलं (हा मूळ आकडा, सेटिंगने बदलता येतो) की ऑटोव्हॅक्यूम बंद असला तरी पोस्टग्रेस तो सुरू करतंच. आणि हे घडतं ते नेमकं मार्च अखेरीला, कारण ट्रान्झॅक्शन तेव्हाच सर्वांत जास्त असतात.

मग डिस्कवर नक्की कोण लिहितंय, हे कसं ओळखायचं?

आधी मोजा, मग सेटिंगला हात लावा. लिनक्सवर 'आयोटॉप' आणि 'पिडस्टॅट' प्रोसेसनुसार लेखन दाखवतात. पोस्टग्रेसच्या प्रत्येक प्रोसेसला नाव असतं, त्यामुळे चेकपॉइंटर (मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर उतरवणारा) लिहितोय, वॉलरायटर (वॉल म्हणजे बदलांची रोजकीर्द, ती लिहिणारा) लिहितोय, ऑटोव्हॅक्यूम वर्कर लिहितोय की एखादं क्लायंट कनेक्शन, हे लगेच कळतं. व्हर्जन १६ पासून 'पीजी स्टॅट आयओ' हा व्ह्यू हीच फोड डेटाबेसच्या आतून देतो. व्हर्जन १४ पासून 'पीजी स्टॅट वॉल' आहे. आणि सर्वांत उपयोगी, तरी सर्वांत कमी वापरलं जाणारं हत्यार म्हणजे 'पीजी स्टॅट स्टेटमेंट्स'. त्यात १३ पासून 'वॉल बाइट्स' हा कॉलम आहे. त्यावर उतरत्या क्रमाने यादी लावा. पहिल्या पाच क्वेरी बघितल्या की बहुतेक वेळा मालकच म्हणतो, "अरे, हे असलं कशाला चाललंय?"

मोजणी धंद्याच्या वेळेनुसार करा. दूध संस्थेत सकाळचं संकलन, संध्याकाळचं संकलन आणि दर दहा दिवसांनी बिलाची रात्र, अशा तीन वेगळ्या नोंदी हव्यात. दुपारी दोन वाजता घेतलेला आकडा तिथे काहीच सांगत नाही.

बदल होतो शंभर बाइटचा आणि डिस्कवर जातात पन्नास केबी. हे गणित कसं?

हे समजलं तर निम्मं काम झालं, म्हणून जरा सविस्तर.

पोस्टग्रेस ८ केबीच्या पानांत डेटा ठेवतं. दर चेकपॉइंटला मेमरीतली बदललेली पानं डेटा फाइलमध्ये लिहिली जातात. मध्येच वीज गेली आणि पान अर्धवट लिहिलं गेलं तर ते दुरुस्त करता यावं म्हणून, चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की ते संपूर्ण पान वॉलमध्ये उतरतं. त्याच पानावरचे पुढचे बदल मात्र छोट्या नोंदीने भागतात.

आता एका टेबलावर सहा इंडेक्स आहेत असं धरा. एक ओळ बदलली: टेबलाचं एक पान, इंडेक्सची सहा पानं, एकूण सात. पहिलाच स्पर्श असेल तर वॉलमध्ये ५६ केबीपर्यंत. चेकपॉइंटला तीच सात पानं डेटा फाइलमध्ये, आणखी ५६ केबी. वॉलचा आर्काइव्ह (बॅकअपसाठीचा साठा) ठेवत असाल तर पुन्हा एक प्रत, रेप्लिका (दुसऱ्या मशीनवरची चालती प्रत) असेल तर तिकडेही. शंभर बाइटच्या नोंदीचं हे बिल!

यातून दोन गोष्टी निघतात. चेकपॉइंट जितके जवळजवळ, तितकी 'पहिला स्पर्श' होणारी पानं जास्त. आणि इंडेक्स जितके जास्त, तितका प्रत्येक बदल महाग.

चेकपॉइंट किती वेळाने व्हावा? 'मॅक्स वॉल साइज' किती ठेवू?

मूळ सेटिंग १ जीबी आणि ५ मिनिटं. छोट्या चाचणीसाठी ठीक, रोज दिवसभर एंट्री होणाऱ्या सर्व्हरला तोकडी. 'लॉग चेकपॉइंट्स' चालू करा (१५ पासून ते मुळातच चालू असतं) आणि लॉगमध्ये चेकपॉइंट कशामुळे सुरू झाला ते पाहा. तिथे 'टाइम' लिहिलेलं असेल तर वेळ भरल्यामुळे झाला. वारंवार 'वॉल' दिसत असेल तर जागा भरल्यामुळे घाईने झाला, म्हणजे 'मॅक्स वॉल साइज' कमी पडतोय.

साधारण पद्धत अशी: 'चेकपॉइंट टाइमआउट' १५ ते ३० मिनिटं करा आणि गर्दीच्या वेळी तेवढ्या मिनिटांत तयार होणाऱ्या वॉलच्या दुपटीहून थोडा जास्त 'मॅक्स वॉल साइज' ठेवा. ५ मिनिटांनी दिवसाला २८८ चेकपॉइंट होतात, ३० मिनिटांनी ४८. काही सर्व्हरवर एवढ्या एका बदलाने वॉल निम्म्यावर येतो. किंमत एकच: सर्व्हर अचानक बंद पडला तर पुन्हा उभा राहायला जास्त वेळ लागतो, कारण तेवढा वॉल परत चालवावा लागतो. संकलन केंद्रावर कॅन घेऊन रांग उभी असताना हा वेळ किती परवडेल ते तुम्ही ठरवा.

'चेकपॉइंट कम्प्लीशन टार्गेट' व्हर्जन १४ च्या आधी ०.५ असायचं, ते ०.९ करा म्हणजे लेखन पसरून होईल. 'वॉल कॉम्प्रेशन' चालू केल्यावर पूर्ण पानं दाबून लिहिली जातात. १५ पासून त्यात एलझेड४ आणि झेडस्टॅन्डर्डचे पर्याय आहेत. प्रोसेसरवर थोडा भार येतो, पण आपल्याकडच्या बहुतेक सर्व्हरवर प्रोसेसर रिकामाच बसलेला असतो.

एका मोठ्या टेबलाचा व्हॅक्यूम तासन्‌तास चालतो. सर्व्हर एवढा भारी घेतला, मग असं का?

कारण त्याला मुद्दाम सावकाश चालायला सांगितलेलं असतं.

ऑटोव्हॅक्यूम प्रत्येक पानाच्या कामाला 'खर्च' मोजतो. पान बदललं तर २० गुण. २०० गुण झाले की थोडा थांबतो. हा थांबा व्हर्जन ११ पर्यंत २० मिलिसेकंदांचा होता. म्हणजे २० मिलिसेकंदांत १० पानं, सेकंदाला ५०० पानं, सुमारे ४ एमबी. पन्नास जीबीच्या टेबलात पानोपान मृत ओळी असतील तर फक्त टेबल झाडायलाच साडेतीन तास, इंडेक्स वेगळे. १२ पासून थांबा २ मिलिसेकंदांचा झाला आणि वेग दहापट वाढला. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर येताना लोक जुनी कॉन्फिग फाइल जशीच्या तशी उचलून आणतात आणि हा २० चा आकडाही तिच्यासोबत येतो. तो आधी तपासा.

आता खरी गोम. व्हॅक्यूम उरकत नाही म्हणून 'ऑटोव्हॅक्यूम मॅक्स वर्कर्स' तीनवरून दहा केलेले बरेच सर्व्हर दिसतात. खर्चाची मर्यादा सगळ्या वर्करमध्ये वाटून घेतली जाते. वर्कर वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं आणि मोठ्या टेबलावरचा वर्कर आणखी मंदावतो. आधी 'ऑटोव्हॅक्यूम व्हॅक्यूम कॉस्ट लिमिट' वाढवा, २०० वरून १००० किंवा २०००. गरज उरलीच तर वर्कर वाढवा.

दुसरं कारण मेमरी. मृत ओळींचे पत्ते व्हॅक्यूम मेमरीत साठवतो, मग सगळे इंडेक्स एकदा पूर्ण चाळतो. व्हर्जन १६ पर्यंत एका पत्त्याला ६ बाइट लागतात. 'मेन्टेनन्स वर्क मेम' मूळ ६४ एमबी असेल तर त्यात सुमारे १ कोटी ११ लाख पत्ते मावतात. मृत ओळी तीन कोटी असल्या तर सगळे इंडेक्स तीन वेळा चाळले जाणार. 'पीजी स्टॅट प्रोग्रेस व्हॅक्यूम' बघा. 'इंडेक्स व्हॅक्यूम काउंट' एकच्या पुढे गेला असेल तर मेमरी वाढवा. एक जीबीच्या वर दिली तरी व्हॅक्यूमला १६ पर्यंत उपयोग नाही. १७ मध्ये साठवणीची पद्धतच बदलली आणि ही मर्यादाही गेली. लक्षात ठेवा, ही मेमरी प्रत्येक वर्करला वेगळी लागते.

हाताने चालवलेल्या व्हॅक्यूमला मात्र हा लगाम मुळात नसतो. त्याचा थांबा शून्य असतो. म्हणून भर दुपारी कोणी वैतागून हाताने व्हॅक्यूम मारला की डिस्क शंभर टक्क्यांवर जाते आणि काउंटरवरची पावती निघेनाशी होते. त्या सेशनपुरता 'व्हॅक्यूम कॉस्ट डिले' लावून चालवा किंवा रात्री चालवा.

व्हॅक्यूम व्यवस्थित पूर्ण होतो, पण मृत ओळी जिथल्या तिथे. का?

'व्हॅक्यूम व्हर्बोस' चालवा. मृत आहेत पण अजून काढता येत नाहीत, अशा ओळींचा आकडा त्यात वेगळा येतो. तो मोठा असेल तर सेटिंगशी खेळून काही होणार नाही. कोणीतरी जुना स्नॅपशॉट (एका क्षणाचं डेटाबेसचं चित्र) धरून बसलंय, म्हणून त्या क्षणानंतर मेलेल्या ओळी काढता येत नाहीत. संशयित चार:

पहिला, उघडं ट्रान्झॅक्शन. 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी'मध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' शोधा आणि ते कधी सुरू झालं ते पाहा. आपल्याकडे याचा नेहमीचा उगम म्हणजे डेस्कटॉप सॉफ्टवेअरची स्क्रीन. क्लार्कने व्हाउचरची स्क्रीन उघडली, ट्रान्झॅक्शन सुरू झालं, मग चहाला गेला, तिथून बँकेत गेला. त्याची स्क्रीन उघडी आहे तोवर सगळ्या डेटाबेसची साफसफाई अडकते, फक्त व्हाउचरच्या टेबलाची नाही. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट' दहा-पंधरा मिनिटांवर ठेवा. सॉफ्टवेअर बनवणारा कुरकुर करेल, करू द्या. माणूस स्क्रीनकडे बघत असताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवणं ही त्याच्या कोडमधली चूक आहे.

दुसरा, बेवारस रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिका कुठवर पोचली याची नोंद). कोणीतरी रेप्लिका लावून बघितली, मग ते मशीन काढलं, स्लॉट तसाच राहिला. असा स्लॉट वॉलही अडवून धरतो आणि एक दिवस डिस्क पूर्ण भरते. वापरात नसलेला स्लॉट काढून टाका आणि १३ पासून मिळणारी 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज' ही मर्यादा घाला.

तिसरा, अर्धवट राहिलेलं प्रिपेअर्ड (दोन टप्प्यांत पूर्ण होणारं) ट्रान्झॅक्शन. क्वचित सापडतं, पण सापडतं तेव्हा महिन्यांपूर्वीचं असतं. सर्व्हर रीस्टार्ट करूनही ते जात नाही.

चौथा, तुमचाच रात्रीचा बॅकअप. 'पीजी डंप' सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्नॅपशॉट धरतो. रात्री अकराला डंप सुरू, बाराला व्हॅक्यूम, डंप संपतो चारला. मग त्या व्हॅक्यूमने काढायचं काय? वेळा बदला.

रेप्लिकावर 'हॉट स्टँडबाय फीडबॅक' चालू असेल तर तिथला लांबलेला रिपोर्टही इथली साफसफाई अडवतो. संशयितांच्या यादीत तोही धरा.

लॉगमध्ये ऑटोव्हॅक्यूम रद्द झाल्याच्या नोंदी दिसतात.

ऑटोव्हॅक्यूम सभ्य आहे. त्याच्या आड येणारा लॉक कोणी मागितला की तो काम सोडून बाजूला होतो. प्रोग्राम दर काही मिनिटांनी 'लॉक टेबल' करत असेल किंवा रिपोर्टसाठी इंडेक्स बनवत-पाडत असेल, तर मोठ्या टेबलाचा व्हॅक्यूम कधीच शेवटाला जाणार नाही. क्रमांक संपत आल्यामुळे सुरू झालेला व्हॅक्यूम मात्र असा हटत नाही. तेव्हा उलट तुमचा प्रोग्राम अडतो.

आमच्या दूध संस्थेत सभासद दीड हजारच. मग सभासदांचं टेबल काही जीबींचं कसं झालं?

प्रत्येक संकलनाला काय काय लिहिलं जातं ते बघू. सभासदाने दूध घातलं, लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्धांशेतर घन घटक) आले, दर निघाला. संकलनाच्या टेबलात एक नवी ओळ. इथपर्यंत बरोबर. पण बरीच सॉफ्टवेअर याच वेळी सभासदाच्या ओळीत चालू बिलाची शिल्लक, एकूण लिटर, सरासरी फॅट आणि 'शेवटचा बदल' ही वेळ बदलतात. सभासदाच्या ओळीत नाव, पत्ता, बँक खातं, कधी कधी फोटोसुद्धा असतो. म्हणजे रुंद ओळ दिवसातून दोनदा नव्याने लिहिली जाते. (फोटोसारखी मोठी गोष्ट वेगळी साठवलेली असते आणि बदलली नसेल तर पुन्हा लिहिली जात नाही. तेवढी बचत.)

तरीही दीड हजार सभासदांसाठी दिवसाला तीन हजार बदल, म्हणजे फार नाहीत. जीबींचा हिशेब लागतो तो दुसरीकडे. अशा सॉफ्टवेअरमध्ये हमखास सापडणारी क्वेरी म्हणजे 'सगळ्या सभासदांची शिल्लक पुन्हा काढा', आणि ती 'सेव्ह'च्या बटणाला जोडलेली असते. एका सभासदाचं दूध नोंदवलं की दीड हजार ओळी बदलायच्या, त्यातल्या एक हजार चारशे नव्याण्णव ओळींत तीच जुनी रक्कम पुन्हा. पोस्टग्रेस जुनी आणि नवी किंमत सारखी आहे का हे बघत नाही. सांगितलं की नवी प्रत लिहितं. सकाळच्या दीड हजार एंट्रींना हे गुणा: साडेबावीस लाख ओळी, एका सकाळी.

उपाय साधे आहेत. ज्याचं दूध आलं त्याचीच ओळ बदला. सरसकट अपडेट करावंच लागत असेल तर 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' ही अट घालून खरोखर बदललेल्याच ओळी निवडा. कोडला हात लावता येत नसेल तर पोस्टग्रेसमध्ये 'सप्रेस रिडंडंट अपडेट्स ट्रिगर' नावाचं तयार फंक्शन आहे, जे निरर्थक अपडेट गाळून टाकतं. ट्रिगर त्या टेबलावर लावला की झालं. पण अपडेट 'शेवटचा बदल'ची वेळही लिहीत असेल तर ओळ खरोखरच बदललेली ठरते आणि हा ट्रिगर काही गाळत नाही.

त्या 'शेवटचा बदल' कॉलमवर इंडेक्स आहे का, हेही बघा. बदललेल्या कॉलमवर इंडेक्स नसेल आणि त्याच पानावर जागा असेल तर पोस्टग्रेस 'हॉट अपडेट' करतं, म्हणजे इंडेक्सना हातच लावत नाही. 'शेवटचा बदल'वर इंडेक्स असला की प्रत्येक अपडेटला सगळेच इंडेक्स नव्याने लिहावे लागतात. तो इंडेक्स बहुतेक वेळा कोणीतरी "असू दे, कधी लागला तर" म्हणून घातलेला असतो. पानावर जागा राहावी म्हणून अशा टेबलाचा 'फिलफॅक्टर' १०० वरून ८५ किंवा ९० करा. 'पीजी स्टॅट यूजर टेबल्स'मध्ये एकूण अपडेट आणि हॉट अपडेट शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही आकडे जवळ आले की काम फत्ते.

फौंड्रीत ४० मशीनची चालू स्थिती दर सेकंदाला अपडेट होते. टेबलात ओळी ४०, साइज शेकडो एमबी.

४० मशीन गुणिले ८६,४०० सेकंद, दिवसाला ३४ लाख ५६ हजार मृत ओळी. ऑटोव्हॅक्यूम दर मिनिटाला फेरी मारतो, त्यामुळे एरवी हे निभतं. पण कोणी आठ तास ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलं की साडेअकरा लाख मृत ओळी साचतात आणि ४० ओळी वाचायला डॅशबोर्ड तो सगळा ढीग उपसत बसतो.

भट्टीचं तापमान सेकंदाला डिस्कवर का हवं, हा प्रश्न आधी विचारा. ठरावीक अंशांहून जास्त फरक पडला तरच लिहा. इतिहास हवा असेल तर मिनिटभराची वाचनं एकत्र करून एका ट्रान्झॅक्शनमध्ये घाला. चालू स्थितीचं टेबल 'अनलॉग्ड' करता येतं, म्हणजे त्याचा वॉल बनत नाही. सर्व्हर पडला तर ते रिकामं होतं, रेप्लिकावरही जात नाही, पण पुढच्या सेकंदाला ते भरणारच आहे. हिशेबाच्या टेबलाला हे चुकूनही लावू नका.

दर सुट्टीच्या दिवशी 'व्हॅक्यूम फुल' लावलाय. चालेल ना?

चालतो, पण कशासाठी? तो सगळं टेबल आणि सगळे इंडेक्स नव्याने लिहितो, तेवढीच मोकळी जागा मागतो, संपेपर्यंत टेबल पूर्ण कुलूपबंद करतो आणि त्याचा वॉल आर्काइव्ह आणि रेप्लिकावरही जातो. फाइल आवळली जाते, सोमवारपासून तीच फाइल पुन्हा वाढू लागते आणि वाढण्याचाही खर्च असतो. साध्या व्हॅक्यूमने मोकळी झालेली जागा टेबल स्वतःच पुन्हा वापरतं. ती ऑपरेटिंग सिस्टिमला परत मिळत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

एकदाच मोठा डेटा काढून टाकला असेल तर 'व्हॅक्यूम फुल' रास्त आहे. काम न थांबवता करायचं असेल तर 'पीजी रिपॅक' वापरा. फक्त इंडेक्स फुगले असतील तर १२ पासून 'रीइंडेक्स कॉन्करन्टली' आहे. आठवड्याचं वेळापत्रक कशालाच नको.

त्यापेक्षा मोठ्या टेबलांचा उंबरठा बदला. मुळात २० टक्के आणि वर ५० ओळी मेल्या की ऑटोव्हॅक्यूम जागा होतो. दहा कोटी ओळींच्या टेबलात याचा अर्थ दोन कोटी मृत ओळी साचेपर्यंत वाट बघणं. अशा टेबलांपुरता 'स्केल फॅक्टर' ०.०१ किंवा ०.०२ करा. थोडं थोडं, वारंवार झालेलं काम डिस्कला जाणवत नाही.

कोणते इंडेक्स काढावेत?

'पीजी स्टॅट यूजर इंडेक्सेस'मध्ये ज्यांचा स्कॅन शून्य आहे ते. पण घाई नको. साखर कारखान्याच्या डेटाबेसमधला एखादा इंडेक्स गाळप हंगामाबाहेर शून्यच दिसणार. पतसंस्थेत लाभांशाचा रिपोर्ट वर्षातून एकदाच निघतो. आकडे कधी रीसेट झाले ते पाहा आणि पूर्ण आर्थिक वर्ष धरा. रेप्लिकावर रिपोर्ट चालत असतील तर तिथली मोजणी वेगळी असते. प्रायमरी की आणि युनिकला हात लावू नका, स्कॅन शून्य असला तरी ते दुहेरी नोंद अडवत असतात.

जुन्या वर्षांचा डेटा डिलीट केला, तर दोन दिवस सर्व्हर रडत होता.

डिलीट म्हणजेही लेखनच. प्रत्येक ओळीवर खूण, तिचा वॉल, मग व्हॅक्यूम, मग त्याचा वॉल. आर्थिक वर्षानुसार टेबलाचे पार्टिशन (वेगवेगळे भाग) करा. जुनं वर्ष काढायचं तेव्हा ते पार्टिशन वेगळं करून बॅकअप घ्या आणि ड्रॉप करा. काही सेकंदांचं काम. पार्टिशन केलेल्या मुख्य टेबलाचा 'ॲनालाइझ' (क्वेरीच्या नियोजनासाठी आकडेवारी गोळा करणं) मात्र ऑटोव्हॅक्यूम करत नाही, तो हाताने लावावा लागतो.

रिपोर्ट तर फक्त वाचतो. तो चालू असताना डिस्कवर लेखन का दिसतं?

दोन कारणं. सॉर्ट किंवा जॉइनला 'वर्क मेम' पुरला नाही (मूळ ४ एमबी) की टेम्पररी फाइल बनतात. 'लॉग टेम्प फाइल्स' चालू करून कोणत्या रिपोर्टला त्या लागतात ते बघा आणि त्या सेशनपुरताच 'वर्क मेम' वाढवा. सगळ्यांसाठी वाढवला तर प्रत्येक कनेक्शन ते मागेल. दुसरं कारण हिंट बिट. मोठा डेटा भरल्यावर तो पहिल्यांदा वाचणारा प्रत्येक ओळीवर 'हे ट्रान्झॅक्शन पूर्ण झालंय' अशी खूण करतो आणि ते पान पुन्हा लिहावं लागतं. चेकसम (पान बिघडलंय का ते ओळखणारा आकडा) चालू असतील तर त्याचाही वॉल बनू शकतो. व्हर्जन १८ मध्ये नव्या डेटाबेसला चेकसम मुळातच चालू असतात. म्हणून मोठा डेटा भरला की रिपोर्टच्या आधी एकदा 'व्हॅक्यूम ॲनालाइझ' करून घ्या.

एसएसडी किती दिवस टिकेल?

डिस्कच्या माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू, म्हणजे आयुष्यभरात किती टीबी लिहिता येतील तो आकडा, दिलेला असतो. दुकानात मिळणाऱ्या १ टीबीच्या साध्या एसएसडीला तो बऱ्याचदा ६०० टीबीच्या आसपास असतो. दिवसाला ३०० जीबी लिहिलं तर २,००० दिवस. दीड टीबी लिहिलं तर ४०० दिवस. 'स्मार्टसीटीएल'मध्ये एनव्हीएमई डिस्कचे 'डेटा युनिट्स रिटन' दिसतात. एक युनिट ५,१२,००० बाइटचं, म्हणजे एक कोटी युनिट झाली की ५.१२ टीबी. पहिल्या तारखेला आकडा लिहून ठेवायची सवय लावा.

आयुष्यापेक्षा वेगाची अडचण आधी येते. साध्या एसएसडीत वीज गेल्यावर आतला डेटा वाचवणारे कपॅसिटर नसतात, त्यामुळे प्रत्येक कमिटला (ट्रान्झॅक्शन पक्कं करताना) ती रेंगाळते. 'पीजी टेस्ट एफसिंक' चालवलं की फरक आकड्यांत दिसतो. रेड ५ (अनेक डिस्क एकत्र जोडायची एक पद्धत) वर छोट्या लेखनासाठी चार-चार डिस्क व्यवहार होतात. डेटाबेससाठी रेड १० घ्या. आणि जुना रेड कंट्रोलर अचानक मंदावला असेल तर त्याची बॅटरी तपासा. ती गेली की कंट्रोलर कॅशमध्ये लिहिणं बंद करतो.

कोणीतरी 'एफसिंक' (लेखन खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करणारं सेटिंग) बंद करायला सांगितलं. खरंच खूप वेग आला.

येणारच. आता वीज जाईपर्यंत वाट बघा. 'एफसिंक' आणि 'फुल पेज राइट्स' हे दोन्ही चालूच ठेवा, यूपीएस असला तरी. वेगच हवा असेल तर 'सिंक्रोनस कमिट' बंद करता येतं. त्यात सर्व्हर पडल्यास शेवटच्या क्षणातली काही ट्रान्झॅक्शन हरवू शकतात, पण डेटाबेस बिघडत नाही. मशीनच्या वाचनांना चालेल. पतसंस्थेच्या पावतीला नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर वॉल आर्काइव्ह शहराबाहेर पाठवतो. आता रोज वीस-बावीस जीबी जातात.

'आर्काइव्ह टाइमआउट' ६० सेकंद असणार. थोडाही बदल झाला तरी दर मिनिटाला १६ एमबीची पूर्ण फाइल बंद होऊन जाते: १,४४० फाइल, साडेबावीस जीबी. ५ मिनिटं केलं तर पाचवा हिस्सा. फाइल पाठवण्याआधी दाबा, निम्मी रिकामी असलेली फाइल चांगलीच लहान होते. बाहेर पाठवणं मात्र थांबवू नका. पंचगंगेचं पाणी तळमजल्यावरच्या सर्व्हर रूमला किती मान देतं ते सगळ्यांनी पाहिलंय.

विंडोज सर्व्हर आहे. वेगळं काही?

अँटिव्हायरसमधून पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर वगळा. ते फोल्डर कुठल्याही क्लाउड सिंकमध्ये ठेवू नका. चालू डेटाबेसच्या फाइल कॉपी करणं हा बॅकअप नव्हे.

मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांनी काय बघावं?

मायएसक्यूएलच्या इनोडीबीत पान अर्धवट लिहिलं जाण्यावरचा उपाय 'डबलराइट बफर' आहे, म्हणजे पानं दोनदा लिहिली जातात. बायनरी लॉग ८.० पासून मुळातच चालू असतो आणि ३० दिवस साठतो. रेप्लिका नसेल आणि तेवढ्या दिवसांचा बॅकअप वेगळा असेल तर मुदत कमी करा. 'इनोडीबी रेडो लॉग कपॅसिटी' ८.०.३० मध्ये मूळ १०० एमबी आहे, ती वाढवणं म्हणजे वरच्या 'मॅक्स वॉल साइज'चंच उत्तर. लांबलेलं ट्रान्झॅक्शन इथेही तसाच त्रास देतं, फक्त ढीग अनडू लॉगमध्ये (बदलाआधीच्या जुन्या नोंदींत) साचतो.

एसक्यूएल सर्व्हरवर 'ऑटो श्रिंक' बंद करा. रात्री इंडेक्स रीबिल्ड आणि लगेच श्रिंक, ही जोडी तर हमखास बघायला मिळते. रीबिल्डने लावलेली पानं श्रिंक पुन्हा विस्कटतो आणि डिस्क दोनदा राबते. रिकव्हरी मॉडेल 'फुल' असेल आणि लॉग बॅकअप घेतच नसाल तर लॉग फाइल वाढतच जाणार. एक्स्प्रेस आवृत्तीला बराच काळ डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा होती, म्हणून श्रिंक करण्याचा मोह होतो हे समजतं. पण त्यावर उपाय जुनी वर्षं वेगळ्या डेटाबेसमध्ये काढणं हाच.

नवं व्हर्जन घेतल्याने यातलं काही सुटेल का?

बरंच. १३ मध्ये इंडेक्समधल्या सारख्या नोंदी एकत्र साठू लागल्या, १४ मध्ये वारंवार अपडेट होणारे इंडेक्स फुगण्याआधी स्वतःच जागा करू लागले, १७ मध्ये व्हॅक्यूमची मेमरी सुधारली. १२ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२४ ला संपला, १३ चा नोव्हेंबर २०२५ ला. फक्त 'पीजी अपग्रेड' या साधनाने व्हर्जन बदलल्यावर जुने इंडेक्स एकदा रीइंडेक्स करा, नाहीतर १३ चा फायदा जुन्या इंडेक्सना मिळत नाही. आणि दीड हजार सभासदांची शिल्लक 'सेव्ह'च्या बटणाला जोडलेली असेल तर ती १८ मध्येही तशीच लिहिली जाईल.